कुंकू लावलेलं मशीन

बस रे अनिकेत, बस जरा. ती बॅग खाली ठेव, हितं कोण पळवत न्हाई. आणि त्या बॅगेतनं जो पांढरा कागद डोकावतोय, त्यो आत ढकल. माझी शाळा चौथीत सुटली, पर 'स्क्रॅप' एवढा शब्द मला बी वाचता येतो. स्टोअरच्या मागच्या खोलीतलं जुनं मशीन भंगारात घालायला तुला पुण्यासनं धाडलंय. खोलीची किल्ली माझ्याकडं, म्हणून सही माझी पायजे. देतो की. न्हाई कुठं म्हणतोय? पर आधी चहा घे आणि ह्या मशीनची गोष्ट ऐक. चहा संपला तर दुसरा सांगू.

मी कागलचा. मालकानं कोल्हापूरसनं हितं तमिळ मुलखात इरुंगाट्टुकोट्टैला हा कारखाना टाकला, तवा पहिल्या ट्रकात यंत्रांसंगट मी बी आलो. ब्रेकच्या नळ्या करायच्या, पेट्यांत भरायच्या, गाड्यांच्या कंपन्यांना धाडायच्या. पॅकिंगचा मुकादम मी, आणि डिस्पॅचचा क्लार्क सुब्बाराव. सगळी सुब्बाच म्हणायची. त्यो तंजावरचा मराठी, राहायला हितनं जवळच्या आवडी गावाला. पिढ्यानपिढ्या हितलीच माणसं ती. पहिल्यांदा माझ्याशी मराठी बोलला तवा मला वाटलं, गडी माझी चेष्टा करतोय. "तुम्हीं जेवलां कां? नाहीं तर या, दहीभात आहे." कीर्तनकार बुवा बोलावा तसं बोलायचा, आणि मधीच "सेरी, सेरी", म्हंजे बरं-बरं, म्हणून तमिळमध्ये मान डोलवायचा. त्या दिवसापास्नं आमचा डबा एकत्र. माझी चटणी, त्याचा दहीभात.

तर डिस्पॅचचं सगळं काम त्या जुन्या मशीनवरच्या, म्हंजे कॉम्प्युटरवरच्या, सॉफ्टवेअरवर चालायचं. कुठल्या गाडीत काय माल, कुणाचं चलन, कुणाचं बिल, गेटपास, सगळं. आणि त्यापुढं बसणारा माणूस एकच, सुब्बा.

आता त्या सॉफ्टवेअरवाल्या कंपनीची पत्रं यायला लागली. तुमचं व्हर्जन जुनं झालंय, अमक्या तारखेला सपोर्ट बंद. म्हंजे आपल्या जुन्या ट्रॅक्टरचं करतात तसं. ट्रॅक्टर चालतोय, नांगरतोय, पर कंपनी म्हणते, ह्याचे पार्ट आमी बनवायचं बंद करतोय, मोडला तर आमच्या दारात येऊ नका. आमच्या प्लँटचे मोठे साहेब गुरुराज. त्यांनी पहिलं पत्र वाचलं आणि म्हणले, "हा विकायचा धंदा हाय. चांगलं चाललेलं बंद पाडायचं आणि नवं गळ्यात मारायचं." दुसरं पत्र आलं, त्येच बोलले. पुढली पत्रं उघडली का न्हाई, मला ठाव न्हाई. मला बी साहेबाचं पटलं हुतं, खोटं कशाला बोलू? आपल्याला कुणी आपणहून येऊन सांगतंय की तुझं जुनं टाक, तर त्याचा काय तरी फायदा असणारच.

शेवटी पुण्याच्या हेड ऑफिसनं एक पोरगी धाडली. ऋजुता. जुन्या मशीनमधला सगळा हिशोब काढून नव्या व्हर्जनमध्ये घालायचा, ह्ये तिचं काम. सप्टेंबर संपला की सपोर्ट संपणार, त्याच्या आत. पोरगी हुशार, बोलणं कमी, डोळे सगळीकडं. सुब्बाच्या खांद्यामागं खुर्ची टाकून बसायची आणि त्यो काय दाबतोय ते बघत राहायची. आमच्या यार्डात पोरं कुजबुजायला लागली, की ही माणसं मोजायला आलीय. नवं सॉफ्टवेअर आलं की निम्मी घरी. मी बी तिच्याशी जपून बोलायचो. 'व्हय', 'न्हाई', 'बघतो'.

एक दिवस ती यार्डात माझ्याकडं आली. आजूबाजूला कोण न्हाई असं बघून म्हणली, "काका, एक विचारू? आपल्यातच राहील ना?"

"आधी विचार, मग बघू कुणाकुणात राहतंय ते."

ती हसली न्हाई. "या सिस्टीममध्ये सुब्बारावांशिवाय दुसऱ्या कुणाचं लॉगिनच नाही. आणि हे इतकं जुनं व्हर्जन आहे, की आज केलेलं चलन उद्या बदललं तरी माग राहत नाही. कोण बदलतं, काय बदलतं, काही कळायला मार्ग नाही."

"बरं मग?"

"मग, निळे क्रेट किती आहेत हे सिस्टीम एक सांगते आणि तुमच्या यार्डात दिसतात त्याच्या निम्मे. बाकीचे कुठे गेले?"

निळं क्रेट म्हंजे आमच्या नळ्या भरायचं प्लास्टिकचं खोकं. माल घेऊन जायचं, रिकामं परत यायचं. मी म्हणलो, "यार्डात कुठंतरी असतील."

"मी पाहिलं, काका. नाहीत." मग हळूच, "सुब्बाराव त्या मागच्या खोलीत दार लावून कुणाशी बोलत असतात?"

आता बघ, ह्यो प्रश्न वाईट. कारण ते मी बी बघितलं हुतं. अलीकडं सुब्बा डबा खाऊन झाला की मशीनच्या खोलीत जायचा, दार ओढून घ्यायचा, आणि हळू आवाजात फोनवर बोलायचा. मला वाटायचं, घरचं काय तरी असंल. पर ऋजुतानं विचारलं आणि माझ्या डोक्यात किडा सोडला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम खोलीवरनं गेलो. आतनं सुब्बाचा आवाज आला, "तूं नाहींस तर माझें कसें व्हायचें, कण्णा? आजवर तूं सांभाळलेंस. आतां कोण सांभाळणार?"

कण्णा कोण? काय सांभाळलं? त्यो बाहेर आला तर मी चटणीचा डबा उगीच उघडझाक करत उभा. त्यानं विचारलं, "काय झालें, माधवराव? तोंड कां असें?" मी म्हणलो, "पित्त." त्या दिवशी त्याचा दहीभात मला गिळंना. इतकी वर्षं संगट जेवलेला माणूस, आणि मी त्याच्या हाताकडं बघत हुतो, की ह्या हातानं काय काय केलं असंल!

तरी पर, मी त्याला एक सांगितलं. आमच्या गेटवरचा वॉचमन चंद्रमौळी मला बोलला हुता, की पुण्याच्या मॅडमनं सुट्टीच्या दिवशी आत यायचा पास काढलाय. सगळा कारखाना बंद असताना ती एकटी मशीनवर बसणार, आणि सुब्बाला ह्यातलं काय बी कळू द्यायचं न्हाई असं तिनं गुरुराज साहेबांकडनं कबूल करून घेतलंय. मला सुब्बाचा संशय यायला लागला हुता, पर तिचा त्याच्यापेक्षा जास्त. माणूस चोर असंल तर तोंडावर विचारा की. त्याच्या माघारी त्याचं मशीन का उघडता? म्हणून मी सुब्बाला सांगितलं, "ती पोरगी सुट्टीला येणार हाय. काय तरी शिजतंय. सांभाळून."

सुब्बाचा चेहराच बदलला. चिडला न्हाई, घाबरला बी न्हाई. त्याला धक्का बसला. "पूजेचे दिवशीं? अय्यो! त्या दिवशीं मशीनाला कोण हात लावतो?"

थांब, तुला ह्ये ठाव नसंल. आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारं पूजतात का न्हाई? हितं तीच आयुध पूजा. पर आपल्याकडं फूल वाहिलं, नारळ फोडला, की दुसऱ्या मिनिटाला त्योच पान्हा घेऊन आपण नट आवळायला मोकळे. हितं तसं चालत न्हाई. पूजेला बसवलेली वस्तू दसऱ्याच्या सकाळपतोर उचलायची न्हाई. तिला विश्रांती. पोरं वह्या-पुस्तकं देवापुढं ठेवतात आणि मजेत अभ्यास चुकवतात. आमच्या कारखान्यात आदल्या दिवशी दुपारी पूजा हुते. लेथला गंध, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबं, गेटवर कोहळा फोडायचा, सगळ्यांना चुरमुरे-डाळं वाटायचं. आणि सुब्बा काय करायचा? मशीन नीट बंद करायचा, पुसायचा, कुंकवाचं बोट लावायचा, हार घालायचा, आणि खोलीला कुलूप. दरवर्षी. त्याच्या लेखी ते मशीन म्हंजे हत्यारच हुतं, त्याचं पोट भरणारं.

त्या वर्षी पूजा आली नेमकी सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी. म्हंजे दुपारी पूजा आणि रात्री बाराला सपोर्ट खलास. ऋजुता त्या दुपारी शहरात एग्मोरच्या हॉटेलात बसून दुसऱ्या दिवशीची तयारी करत हुती. पूजेला ती आलीच न्हाई. आणि सुब्बानं माझं ऐकून त्या वर्षी दाराला आणखी एक कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी आली. कारखान्यात चिटपाखरू न्हाई. यार्डात माल भरून ठेवलेला, तो राखायला मी, आणि गेटवर चंद्रमौळी. ती खोलीपाशी गेली, दारावर झेंडूचा हार आणि दोन कुलपं बघितली आणि तशीच माझ्याकडं आली.

"काका, किल्ली कुणाकडे आहे?"

"सुब्बाकडं."

"फोन लावतेय, बंद आहे."

"फोन पूजेला बसवला असंल."

"काय?"

"अगं, फोन बी हत्यारच की त्याचं. देवापुढं ठेवला असंल. उद्या उचलणार."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जसा मी बी त्यातला भागीदार. "फारच सोयीचं आहे हे. बरं, कुलूप तोडा."

"कशानं?"

"हातोडीने. कटरने. मेंटेनन्सला असेलच ना काहीतरी?"

मी तिला मेंटेनन्सच्या शेडमध्ये नेलं. हातोड्या, पान्हे, कटर, छिन्न्या, सगळी ओळीनं मांडलेली, प्रत्येकावर गंधाचा ठिपका आणि कुंकू. पुढं विझलेली समई. ती हात पुढं करणार, तेवढ्यात मागनं चंद्रमौळी तमिळमध्ये असा ओरडला, की ती दोन पावलं मागं. मी म्हणलो, "त्यो म्हणतोय, तुमी उचललं तर ज्याचं हत्यार हाय त्याचा हात उद्या यंत्रात जाईल. मी बी न्हाई उचलणार, बाई. मला हाताची गरज हाय."

"म्हणजे अख्खा कारखाना सामील आहे?" ती म्हणली. आवाज बारीक झाला हुता तिचा. "काका, काल रात्री सपोर्ट संपलाय. आज माझ्या हाताला ते मशीन लागलं असतं तर मी सगळा डेटा काढून घेतला असता. उद्या काही झालं तर आपल्याला विचारायला कुणी नाही. कुणीही नाही. कळतंय का तुम्हाला?"

खरं सांगू? तवा कळलं न्हाई. मला वाटलं, पोरगी भीती घालतीय.

दसऱ्याची सकाळ. सुब्बा आला, धुतलेलं धोतर, कपाळाला गंध, हातात तबक. मागं गुरुराज साहेब, ऋजुता, मी. त्यानं कुलपं काढली, उदबत्ती ओवाळली, हार काढला आणि मशीनचं बटण दाबलं. पंखा घुरघुरला. पडदा काळा. मग पांढरी इंग्रजी अक्षरं आली आणि तिथंच थांबली.

सुब्बा शांत. जणू ह्ये असंच व्हायचं हुतं. खिशातनं फोन काढला, नंबर लावला, स्पीकरवर टाकला. तिकडनं टेपवरची बाई बोलायला लागली. ऋजुतानं मला नंतर सांगितलं ती काय म्हणत हुती ते, की तुमच्या व्हर्जनचा सपोर्ट संपलेला हाय, कृपा करून नवं व्हर्जन घ्या. सुब्बानं परत लावला. परत तीच बाई. तवा मात्र त्यो तसाच खाली बसला, तबकाशेजारी.

ऋजुता वाकून पडद्यावरचं वाचत हुती. ताठ झाली. "सर, डिस्क सापडत नाही म्हणतंय. आत डिस्कच नाही."

गुरुराज साहेब लालबुंद. "डिस्क न्हाई म्हंजे?"

"म्हणजे सगळा हिशोब ज्यात होता ती वस्तू. एक तर काढून नेलीय, नाहीतर पुसून टाकलीय. परवा दुपारपर्यंत चालू होतं. त्यानंतर खोलीला कुलूप यांचं, किल्ली यांची, फोन बंद यांचा."

सगळ्यांनी सुब्बाकडं बघितलं. मी बी बघितलं. त्यो म्हणला, "मी पूजा केली. दुसरें कांहीं केलें नाहीं."

"आणि क्रेट?" साहेब ओरडले. "क्रेटचा हिशोब बी ह्याच डिस्कमध्ये हुता, न्हाई का? बरोबर हिशोब द्यायच्या येळंला डिस्क गायब!"

दुपारी गाड्यांच्या कंपनीला माल जायचा हुता. चलन निघाल्याशिवाय ट्रक गेटबाहेर जात न्हाई, आणि माल पोचला न्हाई तर त्यांची लाइन थांबते. ती लाइन थांबली की आमचा कारखाना त्यांच्या काळ्या यादीत. साहेबांनी सुब्बाला तिथल्या तिथं कामावरनं काढलं आणि पोलिसांना बोलवायची भाषा चालू केली. तवर गेटवर बसवून ठेवा म्हणले. आणि चंद्रमौळीला सांगितलं, ह्याची पिशवी तपास.

ते मी बघितलं, अनिकेत. ज्या माणसाला चंद्रमौळी रोज सकाळी उठून वणक्कम करायचा, त्याच्या पिशवीत त्यानं हात घातला. आत काय? डब्यात चुरमुरे-डाळं, आमच्यासाठी आणलेले. उदबत्तीचा पुडा. चष्म्याचं घर. चंद्रमौळीनं सगळं परत जसंच्या तसं भरलं आणि पिशवी त्याच्या हातात न देता बाकावर ठेवली. नजर द्यायला नको म्हणून.

सुब्बा बाकावर बसला. मी शेजारी बसलो. मग मी विचारलंच. "सुब्बा, कण्णा कोण?"

"कोण कण्णा?"

"खोलीत दार लावून बोलायचास त्यो. 'तू सांभाळलंस' म्हणत हुतास. मी ऐकलंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचं काय सांगू तुला. "म्हणजे माधवराव, तुम्हीं पण?" एवढंच म्हणला. मग सावकाश सांगितलं. "कण्णा म्हणजे बाळा, लाडानें म्हणतों. प्राणेश म्हणून एक मुलगा. त्या सॉफ्टवेअरच्या कंपनींत फोनवर बसतो. आमच्यांतलाच, कुंभकोणमकडचा. दरवर्षीं पूजा झाल्यावर मशीन उठत नाहीं. मी फोन करतों. तो सांगतो, हें दाब, तें दाब. मी दाबतों. मशीन उठतें. घरची भाषा बोलायला मिळते म्हणून त्याला पण बरें वाटतें. आतां सपोर्ट संपला, त्यानें आधींच सांगितलें होतें, सर, पुढें मला करतां येणार नाहीं."

"दरवर्षी? दरवर्षी मशीन उठत न्हाई?"

"दरवर्षीं."

"आणि ह्ये तू आत का न्हाई सांगितलंस?"

"कोणीं विचारलें? विचारलें काय, तर डिस्क कुठें टाकली. मशीन कां उठत नाहीं, असें एकानें पण विचारलें नाहीं. मला वाटलें, आज पण प्राणेशचा फोन लागेल. एक दिवसच तर झाला होता."

"त्याचा घरचा नंबर हाय तुझ्याकडं?"

"आहे. पोंगलाला मेसेज धाडतो. पण मी लावणार नाहीं. त्याच्या कंपनीचा नियम आहे. माझ्यासाठीं त्याची नोकरी कां जावी?"

मी त्याच्या हातातनं फोन काढून घेतला. सरळ काढून घेतला, पोराच्या हातातनं विळी काढावी तसा. आणि पळत आत गेलो. ऋजुता मशीनपुढं डोकं धरून बसलेली. मी नंबर लावून फोन तिच्यापुढं धरला. तिकडनं पहिल्या घंटेला आवाज आला, "सुब्बा सार! मी सकाळपासून फोन हातांत घेऊन बसलोंय. मशीन उठलें नाहीं ना?"

ऋजुता माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणलो, "बोल की."

"मी ऋजुता बोलतेय, पुण्याहून. डिस्क नाही असं म्हणतंय मशीन."

"डिस्क कुठें जाते, मॅडम? आंतच आहे. बॅटरी मेलीय. घड्याळाची असते ना, रुपयाएवढी, ती. मशीन बंद केलें कीं त्याला तारीख आठवत नाहीं, डिस्क कुठें तेंही आठवत नाहीं. म्हाताऱ्याला झोपेतून उठवल्यासारखें. बाकी वर्षभर चालूच असतें, म्हणून कळत नाहीं. फक्त पूजेला बंद होतें."

ऋजुता म्हणली, "तुम्हाला अधिकृतपणे सांगता येणार नाही ना?"

"अधिकृत सपोर्ट परवां रात्रीं संपला. आज मी सुट्टीवर आहे. सुट्टींत मी सुब्बा सारशीं काय बोलतों, तो माझा प्रश्न. आधीं डिलीट दाबा."

मग त्यो सांगत गेला, ती दाबत गेली. ती दोघं काय बोलली ते माझ्या डोक्यावरनं गेलं. चार-पाच वेळा मशीन बंद-चालू झालं. आणि मग तो ओळखीचा निळा पडदा आला, त्यावर आमच्या कारखान्याचं नाव. माझ्या तोंडनं शिवीच निघाली, आनंदाची. ऋजुतानं आधी सगळा हिशोब आपल्या लॅपटॉपमध्ये ओढून घेतला, मगच श्वास सोडला. फोन ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "ही बॅटरी कुणी कधीच का नाही बदलली?"

प्राणेश म्हणला, "मी दरवर्षीं मेल लिहितों, मॅडम. तुमच्या गुरुराज सारना."

साहेब दारात उभे हुते. ते वळले आणि निघून गेले.

चलन काढायला मी सुब्बाला बोलवायला गेलो तर ऋजुता माझ्या आधी गेटवर. सुब्बापुढं उभी राहून म्हणली, "मी तुम्हाला थेट विचारायला हवं होतं."

"मग आतां विचारा," सुब्बा म्हणला. "विचारायला कांहीं उशीर झाला नाहीं."

"क्रेट कुठे आहेत?"

सुब्बानं हात केला गेटसमोर. समोर इडलीवालीची टपरी. सांबाराचं पातेलं ठेवलंय कशावर? निळ्या क्रेटवर. गिऱ्हाईकं बसलीत कशावर? निळ्या क्रेटवर. फुलवाली हार विकतीय कशातनं? चंद्रमौळी एकदम आभाळाकडं बघायला लागला, कारण त्याच्या केबिनमधलं स्टूल बी त्येच. माझ्या घरी तांदूळ हाय एकात, आता तुझ्यापासनं काय लपवू? आणि मी कुणाचं नाव घेत न्हाई, पर साहेबांच्या गच्चीवर टोमॅटो झकास येतात.

"मशीनांत मीं 'बाहेर गेले' असें कसें लिहूं?" सुब्बा म्हणला. "गेले तर आहेत, पण गेटच्या पलीकडे दहा पावलें."

ऋजुता हसली. पहिल्यांदाच. हसता हसता डोळे पुसले तिनं. मग सुब्बानं डबा उघडला आणि तिच्या हातावर चुरमुरे-डाळं घातले. तिनं खाल्ले. मला बी दिले. मला देताना मात्र त्यो माझ्याकडं बघत नव्हता, डब्याकडं बघत हुता.

ट्रक येळंवर गेला. साहेबांनी काढलेला हुकूम मागं घेतला, तोंडानं, कागदानं न्हाई. सुब्बानं नवं व्हर्जन चालू होईपतोर रोज येऊन ऋजुताला सगळं दाखवलं. नव्या सॉफ्टवेअरवर मात्र बसला न्हाई. मी लई सांगितलं. म्हणला, "ज्या गेटवर माझी पिशवी उघडली, त्या गेटानें रोज आंत येणें मला जमत नाहीं, माधवराव. रागावलों नाहीं मी. जमत नाहीं, एवढेंच." आणि आवडीला घरी बसला. डबा मी आता एकटाच खातो. दहीभात हाटेलातला आणून बघितला, त्यात काय राम न्हाई.

जुनं मशीन राहिलं. जुने हिशोब कुणी तपासायला आलं तर असावं म्हणून. बॅटरी नवी घातलीय आता, ऋजुतानं स्वतःच्या हातानं. किल्ली माझ्याकडं. सुब्बा जाताना एवढंच बोलला हुता, "पूजेला येईन. मशीनाला कुंकू कोण लावणार?" मी म्हणलो, ये.

आणि आता तू आलायस कागद घेऊन. हिशोब सगळे दुसरीकडं ठेवलेत म्हणतोस, ह्याची गरज संपली म्हणतोस. असंल. तुझं चुकतंय असं मी म्हणत न्हाई. तुझ्यावर संशय बी घेत न्हाई, एकदा घेऊन बघितलाय तो. मशीन काय, आज न्हाई उद्या भंगारात जाणारच, आपण बी जाणार. सही मी करतो, आण इकडं त्यो कागद.

पर सही करायच्या आधी माझं एक काम कर. हा घे नंबर, सुब्बाचा. माझ्या फोनवरनं नको, मी लावला की त्यो नीट बोलत न्हाई अजून. तुझ्या फोनवरनं लाव. तू कोण, कशाला आलायस, सरळ सांग त्याला. आणि मग विचार, 'सुब्बाराव, तुमचं मशीन कधी न्यायचं?' तू विचार, लेका. त्याला कुणीतरी आधी विचारू दे.